गीझर नवा बसवला तरी नळाला करंट येतो, तेव्हा तपास कुठून सुरू करायचा

तक्रार बहुतेक घरांत एकाच साच्याची असते. अंघोळ करताना नळाला ओला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियन येतो, नळाला टेस्टर लावतो, टेस्टर पेटतो, आणि निदान होतं की कॉइल लीक आहे. कॉइल बदलतात. काही दिवस बरे जातात आणि झिणझिण्या परत येतात. मग गीझरच नवा घेतात, तरी पावसाळ्यात पुन्हा तेच. ठाणे आणि नवी मुंबईत वायरिंगची कामं करताना ही तक्रार वारंवार समोर येते. माझं म्हणणं एकच आहे: दुरुस्तीनंतरही करंट परत येत असेल, तर गीझरकडे बघणं थांबवा आणि हिरव्या वायरचा, म्हणजे अर्थिंगच्या वायरचा, माग काढा. ती टॉपच्या (तीन पिनांच्या प्लगच्या) मोठ्या पिनपासून निघून इमारतीखालच्या मातीपर्यंत खरोखर पोचते का, हे कोणीच बघितलेलं नसतं.

तपास होईपर्यंत तो गीझर वापरू नका. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, टॉप सॉकेटमधून काढून ठेवा. पाणी गॅसवर तापवा. बादलीत सोडायचा रॉड हा त्यावरचा पर्याय नाही, कारण त्याची सुरक्षितताही त्याच अर्थिंगवर अवलंबून असते. आणि "बघू, अजून येतो का" म्हणून नळाला हात लावून पाहू नका. कोरड्या हाताला एखादा मिलीअँपिअर करंट नुसता जाणवतो. दहाच्या आसपास गेला की स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. तिसाच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. ओल्या, साबण लागलेल्या अंगाचा रोध पार उतरून हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. 230 व्होल्टला त्याने भागलं तर 230 मिलीअँपिअर येतात. काल झिणझिण्या होत्या म्हणून आजही झिणझिण्याच येतील, असं गृहीत धरता येत नाही.

करंट पाण्यात येतो कसा

गीझरची कॉइल म्हणजे एक धातूची नळी. तिच्या आत तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. पूड कोरडी आहे तोवर तारेतला करंट नळीपर्यंत येत नाही. नळीला तडा गेला किंवा तिच्या टोकाचं सील सुटलं की पुडीत पाणी शिरतं आणि करंट टाकीत उतरतो. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांना टँकरवर किंवा बोअरवर दिवस काढावे लागतात, तिथे कॉइलवर क्षारांचा पांढरा थर लवकर चढतो. थराखाली नळी प्रमाणाबाहेर तापते आणि फुटते. नवी मुंबईला मिळणारं मोरबे धरणाचं पाणी पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमी, म्हणून तिथे कॉइल तुलनेने जास्त टिकते. टिकते एवढंच. आज ना उद्या ती लीक होणारच आहे, आणि गीझर बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं. म्हणून तर टाकीला अर्थची वायर जोडलेली असते. टाकीत उतरलेल्या करंटला तुमच्या अंगापेक्षा सोपी वाट मिळावी, एवढ्यासाठी ती आहे.

तेव्हा नळाला करंट येतो याचा अर्थ एकच बिघाड आहे असा नसतो. बहुतेक वेळा दोन असतात: कुठेतरी गळती आहे, आणि ती जमिनीत नेणारी वाट बंद आहे. कॉइल बदलून पहिला बिघाड जातो. दुसरा तसाच राहतो आणि पुढच्या गळतीची वाट बघतो.

प्लास्टिकच्या बॉडीच्या छोट्या इन्स्टंट गीझरला अर्थिंग लागत नाही, असं बरेच जण समजतात. हे चूक आहे. आतली टाकी आणि कॉइलची नळी धातूचीच असते, आणि पाणी प्लास्टिकच्या पाइपमधूनही करंट वाहून नेतं. 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर 13 अँपिअर ओढतो. दोन पिनांचा टॉप लावून किंवा 6 अँपिअरच्या सॉकेटमधून अ‍ॅडॉप्टर घालून तो चालवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे तपास करत बसण्याआधी तो जोड काढा.

कुठे बंद केल्यावर थांबतं, ते बघा

सगळ्यात उपयोगी माहिती इथेच मिळते, आणि हाच भाग बहुतेक जण गाळतात. काम मल्टीमीटरने करायचं, हाताने नाही. बाथरूमच्या ओल्या फरशीवर स्टीलचं ताट पालथं ठेवायचं, मीटरची एक वायर ताटाला, दुसरी नळाच्या धातूला, आणि एसी व्होल्ट मोजायचे. मीटर हाताळण्याची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या, पण कुठल्या क्रमाने करायचं ते त्याला तुम्ही सांगा.

आधी गीझर चालू ठेवून आकडा बघा. मग गीझरचं बटण बंद करा. आकडा शून्याजवळ आला तर गळती गीझरमध्ये आहे, आणि अर्थ तुटलेली किंवा कमजोर आहे. नाहीतर तो करंट नळापर्यंत आलाच नसता.

बटण बंद करूनही आकडा तसाच, पण टॉप काढल्यावर गेला, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं आहे, त्यामुळे ते बंद केलं तरी कॉइलमध्ये फेज उभाच असतो. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं. गीझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं 20 अँपिअरचं डीपी स्विच असावं, ते याचसाठी. दुसरी शक्यता म्हणजे करंट अर्थच्या वायरमधूनच घरात येतो आहे. या दोन्हींतला फरक ओळखायला टॉप परत लावा आणि डीबीतलं (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीतलं) मेन बंद करा. मेन फेज आणि न्यूट्रल तोडतं, अर्थ तोडत नाही. तुमच्या घराची वीज पूर्ण बंद असताना नळाला व्होल्टेज दिसत असेल आणि टॉप काढताच ते जात असेल, तर ते व्होल्टेज दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून, अर्थच्या वायरवरून तुमच्याकडे येतं आहे.

मेन बंद, टॉपही काढलेला, आणि तरी नळाला व्होल्टेज? मग ते पाण्याच्या लोखंडी पाइपमधून येतं आहे. याबद्दल पुढे सांगतो.

टेस्टरबद्दल एक सावधगिरी. निऑनचा टेस्टर अगदी नगण्य करंटवरही पेटतो आणि मल्टीमीटर अर्थ नसलेल्या बॉडीवर 80-100 व्होल्ट सहज दाखवतो. म्हणून हा आकडा खऱ्या गळतीचा की नुसता जवळच्या वायरींमुळे उमटलेला, हे ठरवायला वायरमन मीटरला समांतर एक छोटा बल्ब लावतात. व्होल्टेज कोसळलं तर गळती नाममात्र आहे, टिकून राहिलं तर ती घातक आहे. पण कोसळलं म्हणून निश्चिंत होऊ नका. नीट अर्थ केलेल्या बॉडीवर टेस्टर पेटतच नाही. तो पेटला म्हणजे तिथे अर्थ नाही, एवढं तर कळलंच.

दुसऱ्याच्या घरातला करंट

आता वारंवार परतणाऱ्या तक्रारीचं खरं कारण. इमारतीत प्रत्येक फ्लॅटची अर्थची वायर मीटर रूममधल्या एका सामाईक पट्टीला येते आणि तिथून जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची पट्टी खाली अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. ही शेवटची पट्टी तुटली तर काय होईल? सगळ्या फ्लॅटच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या राहतात, पण जमिनीला मात्र एकही जोडलेली नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनची गळती मग पट्टीवरून फिरते आणि सातव्या मजल्यावरच्या गीझरच्या टाकीवर उभी राहते. सातव्या मजल्यावरचे लोक गीझर बदलतात. करंट कधी येतो, कधी नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर मशीन कधी लावलेलं असतं, कधी नसतं. दुरुस्तीनंतर "काही दिवस बरं होतं" यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

पट्टी तुटायला इथे कारणांची कमी नाही. खाडीकाठची खारी हवा आणि भरावाची ओलसर जमीन जीआय खाऊन टाकते. वाशी, नेरूळ, कोपरी, कळवा या पट्ट्यात खड्ड्यातला नट उघडला की हातात गंजाचा चुरा येतो. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना खड्डा पुरला जातो आणि तो कुठे होता हे कोणालाच आठवत नाही. बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग करताना पट्टी कापतात आणि परत जोडत नाहीत. कोपरखैरणे, घणसोलीकडे मूळ बैठ्या घरांवर पुढे चढवलेल्या मजल्यांत बरेचदा अर्थची वायर वरपर्यंत ओढलेलीच नसते. सॉकेटला तीन भोकं असतात आणि मोठं भोक मागून रिकामं.

ही स्थिती असताना जी दुरुस्ती सर्वांत जास्त केली जाते, तीच सर्वांत घातक आहे. इलेक्ट्रिशियनच्या लक्षात येतं की टॉपमधली हिरवी वायर काढली की झिणझिण्या थांबतात. तो ती कापून टेप गुंडाळतो, घरातले खूश होतात, काम संपतं. झिणझिण्या थांबल्या हे खरंच. पण आता तुमच्या टाकीला कुठलीच अर्थ उरलेली नाही. वर्ष-दोन वर्षांनी कॉइल फुटेल तेव्हा पूर्ण 230 व्होल्ट थेट पाण्यात येतील. हिरवी वायर कापणं ही दुरुस्ती म्हणून कुणाकडूनही स्वीकारू नका. सामाईक पट्टी दुरुस्त होईपर्यंत टॉप काढून ठेवा. गैरसोय होईल, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

न्यूट्रलचा लूप आणि पाइपाची अर्थ

अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा मोठ्या पिनला जोडून देतात. बाहेरून काहीच कळत नाही. फेज आणि मोठ्या पिनमध्ये मीटर 230 दाखवतो, टेस्ट लॅम्प झकास पेटतो, आणि "अर्थिंग ओके" असा शेरा मिळतो. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी चालू उपकरणांमधून येणारा फेज त्या तुकड्यावरून गीझरच्या टाकीवर येईल. त्यासाठी गीझर बिघडलेला असण्याचीही गरज नाही. कुणी डीबीत फेज-न्यूट्रल उलटे लावले तरी तेच. हा लूप पकडायची रीत सोपी आहे. मेन बंद करा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. सगळ्या उपकरणांचे टॉप काढा. मग सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत कंटिन्युइटी, म्हणजे आत सलग जोड आहे का ते, तपासा. मीटर वाजला तर आत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले आहेत. सॉकेट उघडून तुकडा काढून टाका.

नौपाडा, वर्तकनगरसारख्या जुन्या भागांत दुसरी रीत दिसते: पाण्याच्या जीआय पाइपला क्लॅम्प मारून अर्थ घेतलेली. एके काळी पाइप जमिनीपर्यंत अखंड लोखंडी होते, त्यामुळे हे कसंबसं चालायचं. आता कोणी मधल्या मजल्यावर बाथरूम नवं करतो, तिथे सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाचा, तुकडा येतो आणि पाइपाचा वरचा भाग जमिनीपासून तुटतो. वरच्या फ्लॅटने पाइपात सोडलेली गळती मग शेजारच्या नळांना पोचते. मेन आणि टॉप दोन्ही बंद असतानाही ज्या घरात नळाला व्होल्टेज दिसतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं. पाइपला लावलेला प्रत्येक अर्थिंग क्लॅम्प काढला पाहिजे, आणि ते काम एका फ्लॅटचं नाही, सोसायटीचं आहे.

अर्थ आहे, पण पुरेशी आहे का

काही जण गॅलरीखाली किंवा बागेत स्वतःचा रॉड ठोकून वायर वर घेतात. त्यांना एक गणित सांगतो. एकट्या रॉडचा रोध 20 ओहम धरला, तर कॉइल थेट शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर. गीझरचा 16 अँपिअरचा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारं स्विच) हा करंट दिवसभर वाहू देईल. तेवढा वेळ रॉड, वायर आणि टाकी यांवर व्होल्टेज उभंच राहील. रोध 5 ओहमवर आणला तरी 46 अँपिअर, आणि सी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला किमान 80 अँपिअर लागतात. 46 वर तो पडेल, पण काही सेकंदांनी. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे तो बघत असतो, आणि 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला की 300 मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडतो. घरासाठी 30 मिलीअँपिअरचाच घ्या. 100 आणि 300 चे मिळतात, ते आगीपासून बचावासाठी आहेत. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग चांगली आहे असं होत नाही. ते बटण आतल्या आत फरक तयार करतं, हिरव्या वायरशी त्याचा संबंध नसतो.

आरसीसीबीच्या दोन मर्यादा मुद्दाम सांगतो. सॉकेटमध्ये न्यूट्रलचा लूप असेल तर टाकीतली गळती न्यूट्रलवरूनच परत जाते, त्याला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. आणि करंट शेजाऱ्याकडून अर्थच्या वायरने येत असेल तर तो तुमच्या आरसीसीबीतून जातच नाही. तिथे तुमचा कितीही महागाचा आरसीसीबी तुम्हाला वाचवणार नाही, शेजाऱ्याचा वाचवेल. म्हणून मी सोसायट्यांना सांगतो की हा खर्च ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडू नका, प्रत्येक फ्लॅटला बसवून घ्या.

गीझर लावला की आरसीसीबी पडतो, ही याचीच उलटी तक्रार. उन्हाळाभर बंद असलेला गीझर जूनमध्ये पहिल्यांदा लावला की असं होतं, कारण मधल्या काळात कॉइलच्या पुडीने ओल धरलेली असते. "लोड जास्त आहे" हे कारण कोणी दिलं तर मान्य करू नका, आरसीसीबीला लोडशी देणंघेणं नसतं. 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) कॉइलची तार आणि नळी यांच्यामधला रोध मोजून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर कॉइल बदला. थंड असताना ठीक आणि तापल्यावर लीक, अशाही कॉइल असतात, म्हणून पाणी तापवून लगेच दुसऱ्यांदा मोजा. गीझर चालावा म्हणून आरसीसीबी बायपास करून देणाऱ्याला परत घरात घेऊ नका.

सोसायटीकडून काय करून घ्यायचं

फ्लॅटमधली अर्थ तपासायला वायरमन फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावतात. तो फेज-न्यूट्रलइतकाच उजळ पेटला पाहिजे. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, आणि ते चांगलं लक्षण आहे. पण अर्थ तुटलेली असेल तर या चाचणीत बल्बमधून फेज हिरव्या वायरवर चढतो आणि तिला जोडलेल्या सगळ्या टाक्यांवर येतो. म्हणून चाचणीच्या वेळी घरात आणि शक्य तर त्या राइझरवरच्या (मीटर रूममधून वर जाणाऱ्या त्याच सामाईक वायरिंगवरच्या) इतर फ्लॅटमध्येही कोणी नळाला हात लावणार नाही याची खात्री करूनच ती करावी. लूप इम्पिडन्स टेस्टर (अर्थच्या पूर्ण वाटेचा रोध मोजणारं यंत्र) असलेला माणूस मिळाला तर फार उत्तम.

खड्ड्याचा रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो आणि तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे असतो. मोजणी एप्रिल-मे मध्ये करून घ्या. ऑगस्टमध्ये माती भिजलेली असते, तेव्हा कुठलाही खड्डा चांगलाच आकडा देतो. त्याच भेटीत मीटर रूमपासून खड्ड्यापर्यंतची पट्टी डोळ्यांनी बघायची, गंजलेले नट बदलायचे, पेव्हर ब्लॉकखाली गेलेल्या खड्ड्यावर झाकण बसवून घ्यायचं. मीटरनंतरची अर्थिंग ही सोसायटीची जबाबदारी आहे, वीज कंपनी ती दुरुस्त करणार नाही. मात्र घरातले दिवे अचानक प्रखर किंवा मंद होत असतील आणि न्यूट्रल व अर्थमध्ये 2-4 व्होल्टऐवजी पन्नास-साठ दिसत असतील, तर न्यूट्रल ढिला आहे. तो पुरवठ्याच्या बाजूचा असू शकतो. तेव्हा मेन बंद करून महावितरणच्या 1912 वर कळवा. कळवा-मुंब्रा-शीळ भागात पुरवठा टोरंट पॉवरकडे आहे, तिथे तक्रार त्यांच्याकडे करा.

कमिटीला अर्ज देताना "गीझरला शॉक लागतो" असं लिहू नका, उत्तर येईल की गीझर तुमचा, तुम्ही बघा. मोजलेलं लिहा: "फ्लॅटचं मेन बंद असताना सॉकेटच्या अर्थ पिनवर फरशीच्या तुलनेत इतके व्होल्ट आहेत." तारीख, वेळ, मोजणाऱ्या वायरमनची सही आणि परवाना क्रमांक जोडा. सोबत मागणी स्पष्ट ठेवा: सामाईक पट्टीची सलगता तपासून द्या, खड्ड्याचा रोध लेखी द्या, आणि त्या राइझरवरच्या प्रत्येक फ्लॅटची गळती क्लॅम्प मीटरने मोजा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी क्लॅम्पमध्ये एकत्र धरल्या की ज्या फ्लॅटमध्ये आकडा शून्याऐवजी काही दाखवतो, गळती त्या फ्लॅटमध्ये आहे. ते एक उपकरण सापडेपर्यंत आणि पट्टी जोडली जाईपर्यंत त्या राइझरवरच्या सगळ्या गीझरांचे टॉप काढलेले राहू द्या, आणि तसं लिफ्टजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लावा.